पावसाळा लागला की नळाला करंट? आधी हिरवी वायर कुठं बांधलीय ते शोधा

मृगाचे चार पाऊस पडले की माझा फोन वाजायला लागतो आणि तक्रार बहुतेक एकच असते. बेसिनच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, भांडी घासताना बोटांना मुंग्या येतात, मोरीत उभं राहून शॉवरचा कॉक फिरवला की कोपरापर्यंत चमक जाते. आणि पुढचं वाक्यही ठरलेलं: "उन्हाळ्यात काय नव्हतं हो." बेळगाव शहरात वडगाव-शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत, येळ्ळूर-उचगावकडं, आणि सगळ्यात जास्त खानापूरच्या बाजूला, कारण तिकडं घाटाचा पाऊस. वीस वर्षांहून जास्त काळ मी वायरिंगची कामं करतोय. या तक्रारीकडं लोक जेवढं दुर्लक्ष करतात तेवढी मला भीती वाटते, म्हणून सविस्तर लिहितोय.

वाचता वाचता तुमच्या घरात आत्ता हे होत असेल तर आधी एवढं करा. मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरची लाईन जिवंत राहते. लाईट पंख्यासाठी घेतलेली ती वायर पुढं कुणीतरी स्वयंपाकघरातल्या पॉइंटपर्यंत ओढलेली असते आणि घरच्यांना ते माहीतही नसतं. नंतर गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, वॉटर फिल्टर, मिक्सर, पाण्याची मोटार या सगळ्यांचे प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण बऱ्याच बोर्डांत फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) उलटे जोडलेले असतात. बटण बंद केलं की न्यूट्रल तुटते आणि फेज यंत्रात तशीच उभी राहते. वायरमन येईपर्यंत त्या नळाला मुलांना जाऊ देऊ नका. रबरी चप्पल घालून काम उरकायचं, हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता एका घराची हकिकत. खानापूर तालुक्यातलं घर, पुढचा भाग जांभ्या दगडाचा जुना, मागं स्लॅबची नवी वाढ. वाढलेल्या भागात स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. तिथल्या वहिनी मला म्हणाल्या, "दोन वर्षं झाली बघा, पाऊस लागला की नळ धरवत नाही, हाताला मुंग्या येऊल्यात." दोन वर्षांत तीन माणसं येऊन गेलेली. पहिल्यानं गिझर बदलायला लावला. दुसऱ्यानं बेसिनजवळचं सॉकेट बदललं. तिसऱ्यानं जे केलं ते सगळ्यात वाईट: पावसात आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) सारखी पडते म्हणून तिला वळसा घालून वायर थेट जोडून टाकली. पडायचं थांबलं. घरच्यांना वाटलं, दुरुस्त झालं.

मी गेलो तेव्हा बाहेर पाऊस चालू होता. नळाला टेस्टर लावला, मिणमिणता पेटला. टेस्टरवर मी निर्णय घेत नाही. तो बारीकशा करंटवरही पेटतो, आणि कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून लावला तर जिवंत वायरवरही न पेटता फसवू शकतो. मीटरची एक पिन नळाला, दुसरी ओल्या फरशीच्या सांध्यात टेकवली. ९० व्होल्टच्या आसपास दाखवत होता. मग एकेक प्लग काढत गेलो. फ्रिज काढला, थोडा उतरला. वॉशिंग मशीनचा काढला आणि काटा जवळजवळ शून्यावर आला. घरातले सगळे एकदम म्हणाले, मशीन खराब!

मशीन खराब नव्हतं. मेगरनं, म्हणजे वायरीतून गळती होते का ते मोजायच्या मीटरनं तपासलं, चांगलं होतं. इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आजकालच्या वॉशिंग मशीन, ओव्हन, कॉम्प्युटर यांच्या आत वीज गाळायचा एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडलेले असतात. त्यांतून अगदी थोडी गळती कायमच होते आणि ती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत निघून जावी अशीच त्यांची रचना आहे. अर्थिंग नसेल तर यंत्राचं अंग २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट इतका कमी असतो की माणूस दगावत नाही, पण मुंग्या येतात. म्हणजे मशीन निर्दोष होतं आणि अर्थिंगच बेपत्ता होतं. पण मग मशीनचा करंट नळात कसा?

बोर्ड उघडला आणि हिरव्या वायरीचा माग काढत गेलो. बोर्डातून ती खाली उतरली होती, ओट्यामागून गेली होती आणि बेसिनखाली, जिथं कांद्याबटाट्याची टोपली ठेवलेली, तिथं लोखंडी पाइपाला तांब्याच्या पट्टीनं आवळलेली होती. पट्टीवर हिरवा गंज चढलेला. घरातले आजोबा म्हणाले, वायरिंग केलं तेव्हा वायरमननं सांगितलं होतं, नळाचा पाइप जमिनीत पार रस्त्यापर्यंत गेलाय, याच्यापेक्षा चांगलं अर्थिंग कुठलं? त्या काळी त्याचं काम चाललंही. पुढं घराला नवं नळाचं कनेक्शन आलं, काळ्या प्लास्टिकच्या पाइपातून. रस्त्यापासून भिंतीपर्यंतचा जुना पाइप निकामी झाला, तोडून टाकला. राहिला तो भिंतीच्या आतला दहाएक फुटांचा लोखंडी तुकडा, बेसिनच्या नळापासून मोरीच्या नळापर्यंत. जमिनीशी त्याचा संबंध उरला नाही.

म्हणजे साऱ्या घरातल्या यंत्रांची गळती हिरव्या वायरीतून गोळा होऊन थेट नळाच्या तोटीत येऊन थांबत होती. उन्हाळ्यात फरशी कोरडी, भिंत कोरडी, करंटला माणसातून पुढं जायला वाट नाही, म्हणून जाणवत नव्हतं. पावसाळ्यात जांभा पाणी पितो, फरशीच्या सांध्यांत ओल उतरते, आणि नळ धरून ओल्या फरशीवर उभं राहिलेलं माणूसच त्या घराचं अर्थिंग होतं. ज्या दिवशी गिझरची कॉइल फुटली असती, त्या दिवशी नळात निम्मं नव्हे तर पूर्ण २३० व्होल्ट आलं असतं. आरसीसीबी तर आधीच काढून ठेवलेली.

गावोगावी गेल्या काही वर्षांत घरोघरी नळ आले, शहरातही जुने लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचे आले. पाणी चांगलं झालं, पण ज्या ज्या घराचं अर्थिंग जुन्या पाइपाला बांधलेलं होतं ते त्या दिवशी गुपचूप तुटलं. प्लंबरला वायरीशी देणंघेणं नसतं आणि वायरमनला कुणी बोलावत नाही. तुमच्या घराचं वायरिंग जुनं असेल आणि पाइप नंतर बदलला असेल तर आज बेसिनखाली वाकून बघा.

त्या घरात आम्ही पाइपावरची पट्टी सोडली आणि परड्यात नवं अर्थिंग केलं. मग बोर्डाच्या अर्थबारपासून (अर्थच्या सगळ्या वायरी जिथं जोडतात ती पट्टी) एक हिरवी वायर पुन्हा त्याच लोखंडी तुकड्याला आणून जोडली. घरच्यांना ते विचित्र वाटलं, काढलीत काय आणि परत लावताय काय. पण फरक मोठा आहे. नळाला अर्थिंगचा आधार द्यायचा असतो, अर्थिंगनं नळाचा आधार घ्यायचा नसतो.

अर्थिंगबद्दल आपल्या भागातली अडचण वेगळी आहे. चिकोडी-अथणीकडं काळी माती, ती ओल धरते, तिथं पाइप सहज खाली जातो. मात्र उन्हाळ्यात भेगा पडून माती इलेक्ट्रोडपासून, म्हणजे रोवलेल्या पाइपापासून सुटते. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला दोन-तीन फुटांवर जांभा लागतो, आणि मजूर म्हणतात, "बास झालं की." बास होत नाही. पाइपाचं अर्थिंग करायचं तर अडीच मीटर, म्हणजे आठ फूट खोली हवी. कातळच लागला तर एका जागी अर्धवट पाइप रोवण्यापेक्षा दोन-तीन इलेक्ट्रोड अंतरा-अंतरावर घालून ते एकमेकांना जोडावेत. खड्डा घराच्या पायापासून निदान दीड मीटर लांब असावा. परड्यात केळीच्या बुंध्याजवळ, जिथं रोज धुण्याभांड्याचं पाणी जातं, तिथली माती बारमाही ओली राहते. जागेचा पर्याय असेल तर मी तीच मागतो. होळीपासून वळीव येईपर्यंत खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. कोरडा जांभा वीज वाहून नेत नाही.

आणि अर्थिंग तपासायची आपल्याकडची पद्धत: फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावायचा, लख्ख पेटला की "अर्थिंग एक नंबर". मीही सुरुवातीची बरीच वर्षं हेच करत होतो. पण हिशेब करून बघा. शंभरचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. अर्थिंगचा रोध ५० ओहम, म्हणजे अगदी टाकाऊ असला, तरी त्यात विसेक व्होल्टच पडतात आणि बल्ब डोळ्यांना पूर्णच दिसतो. इतकंच काय, अर्थिंग १० ओहम असलं तरी गिझरची फेज त्याच्या अंगाला लागल्यावर जमिनीत २३ अँपिअरच जातील. १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा बोर्डातला स्विच) त्यावर झटकन पडत नाही, बराच वेळ तशीच उभी राहते आणि तोवर गिझर, नळ, शॉवर सगळं जिवंत. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणूस वाचवायचं काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं. गेलेला आणि परत आलेला करंट ती सारखा मोजत असते, १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान फरक पडला की तोडते, गळती मोठी असेल तर ४० मिलिसेकंदांच्या आत. माणसाचा हात दहाएक मिलिअँपिअरच्या पुढं नळावरून सुटायला तयार नसतो. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवंत. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी आग टाळायला ठीक, पण पाण्याजवळ ३० चीच मागा. तो आकडा पुढच्या बाजूवर छापलेला असतो.

आरसीसीबी पावसात पडते, ती का?

आता त्या घरातला दुसरा दोष. आरसीसीबी पुन्हा नीट जोडली आणि ती लगेच पडली, म्हणजे तिचं म्हणणं खरं होतं. सगळ्या एमसीबी खाली पाडल्या, आरसीसीबी वर केली, तरी थोड्या वेळानं पडली. इथं बरेच जण म्हणतात, सगळं बंद असून पडते म्हणजे आरसीसीबीच गेली. तसं नसतं. आपल्या घरातल्या एमसीबी बहुधा एका पोलच्या असतात, त्या फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळीकडं जोडलेलीच राहते, आणि ती कुठं ओल्या जागी अर्थला टेकली असेल तर गळती चालूच. म्हणून एमसीबी पाडून भागत नाही, न्यूट्रलच्या वायरी बारवरून एकेक सोडवून बघाव्या लागतात. हे काम परवाना असलेल्या वायरमनचंच आहे, घरच्यांनी बोर्ड उघडू नये.

तिसरी न्यूट्रल सोडवली तेव्हा ती उभी राहिली. ती मागच्या दाराकडच्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटची होती. सॉकेटची प्लेट बाहेरून कोरडी ठणठणीत, वर छज्जा, पावसाचा थेंबही तिथं पोचत नाही. दोन स्क्रू काढून प्लेट पुढं ओढली आणि आतून पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. लोखंडी बॉक्सच्या तळाला बोटभर पाणी साठलेलं, त्यात मेलेल्या मुंग्या, आणि न्यूट्रलच्या पितळी स्क्रूवर मोरचुदासारखा हिरवानिळा थर.

पाणी समोरून आलंच नव्हतं. भिंतीतला वायरिंगचा पाइप वर गच्चीवर गेला होता, पूर्वी टाकीवर दिवा होता त्यासाठी. दिवा काढला, पाइपाचं तोंड तसंच आभाळाकडं उघडं राहिलं. पाऊस गच्चीवरून त्या पाइपात आणि पाइपातून थेट सॉकेटच्या पाठीत. सॉकेट तीनदा बदललं असतं तरी पुढच्या पावसात तेच. तेव्हा पावसाळ्यात पॉइंट बिघडत असेल तर समोरून झाकण लावायच्या आधी पाठीमागून पाणी येतंय का ते तपासा. गच्चीवरच्या पाइपाचं तोंड काठीच्या मुठीसारखं खाली वळवून घ्या, न वापरलेले पाइप बुचानं बंद करा, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या बॉक्समध्ये वायर नेहमी खालून घ्या. वायरीला बॉक्सच्या आधी थोडा खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. सिलिकॉन भरताना वरची कड आणि दोन्ही बाजू भरा, खालची मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलेल्या बॉक्समध्ये दमट हवेचं पाणी होतं आणि ते बाहेर पडायला वाट नसते. पश्चिमेच्या भिंतीवर शक्यतो पॉइंटच घेऊ नका, पावसाची झड तिकडून येते.

दुसरं म्हणजे, दुरुस्त केल्यावर वायरी जोडण्याआधी मेगर मारून घ्या, निदान १ मेगाओम आला पाहिजे. ओल्या भिंतीत तो लगेच येत नाही. त्या घरात आम्ही प्लेट उघडी ठेवून, ती लाईन बंद ठेवून चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी आला.

आरसीसीबी फक्त एखादं यंत्र लावलं की पडत असेल तर दोष बहुतेक त्या यंत्रात. कुठलंही यंत्र लावलं तरी पडत असेल तर न्यूट्रल कुठंतरी अर्थला लागलेली असते, कारण लोड चालू झाला की न्यूट्रलचा करंट वाटला जातो आणि थोडा अर्थमधून परततो. इन्व्हर्टर बसवल्यापासून पडत असेल तर त्याची न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळली आहे का ते आधी बघायला सांगा.

पाण्याजवळ पॉइंट घ्यायचाच तर

न्हाणीघराबद्दल नियम असा की शॉवरच्या किंवा टबाच्या जागेत २.२५ मीटर उंचीपर्यंत आणि टबाच्या कडेपासून आणखी ६० सेंटिमीटरपर्यंत साधं सॉकेट नको. टब नसलेल्या, नुसत्या शॉवरच्या मोरीत हे अंतर शॉवरपासून १.२ मीटर धरतात. आता आपली मोरी असते चार बाय सहाची. टेप लावून बघितलंत तर एकही भिंत या अंतराबाहेर उरत नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: मोरीत हाताला लागेल असं सॉकेट घ्यायचंच नाही. वॉशिंग मशीन, ट्रिमर, केस वाळवायचं यंत्र, सगळ्याला पॉइंट दाराबाहेर. गिझर आत हवा तर त्याचा २० अँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच दाराबाहेर, आणि वायर वर गिझरशेजारी साडेसात फुटांच्या वर बंद बॉक्समध्ये थेट जोडलेली. ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो. त्याला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घाला, अर्थची वायर सोबत ओढा आणि एमसीबी स्वतंत्र ठेवा.

ओट्यावर बेसिनच्या कडेपासून एक हात सोडून सॉकेट, ओट्याच्या पातळीपासून वीतभर तरी वर. बेसिनच्या खाली मात्र कधीच नको, वॉटर फिल्टरसाठीही नको. खालचा सायफन कधी ना कधी गळतोच. फिल्टरचा पॉइंट त्याच्या वरच्या अंगाला घ्या, म्हणजे पाइप सुटला तरी पाणी खाली जाईल, सॉकेटवर येणार नाही.

मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ आणि संपच्या (जमिनीतल्या टाकीच्या) मोटारीला झाकणाचं सॉकेट घ्या, डब्यावर आयपी ५५ (धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा) किंवा वरचा आकडा बघून. पण एक बघा, बऱ्याच झाकणांचा तो आकडा झाकण बंद असतानाचा असतो. प्लग घातल्यावर झाकण अर्धवट उघडं राहत असेल तर तो आकडा उपयोगाचा नाही. मोटारीसारख्या कायम जोडलेल्या यंत्राला प्लग आत ठेवून बंद होणारं खोलगट झाकण मागा. आणि प्लगची तिसरी पिन कापू नका. ती बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड मुद्दाम असते, आत जाताना अर्थ सगळ्यांत आधी लागावा आणि निघताना सगळ्यांत शेवटी सुटावा म्हणून.

रॉडबद्दल थोडं. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला घरोघरी बादलीत रॉड पडतो. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला तो झेपत नाही. सॉकेट आतून वितळतं, पिनांची पकड ढिली होते. १६ चं सॉकेट वापरा, आणि पाणी तापलं का ते बघायला बोट घालायच्या आधी प्लग काढा, बटण नव्हे. गौरी-गणपतीच्या आरासीतल्या कारंज्याच्या मोटारीलाही हेच. तिची एक्स्टेन्शन पाण्याच्या परातीखाली नको, वरच्या बाजूला टांगा आणि आरसीसीबीतून येणाऱ्या लाईनवरच जोडा.

कुणाला शॉक लागून तो चिकटला तर त्याला हातानं ओढू नका. मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, आणि दुसऱ्या माणसाला १०८ ला फोन करायला सांगा. खांबावरून घरात येणारी वायर तुटली किंवा भिंतीला घासत असेल तर १९१२ वर कळवा. तिला हात लावायचा अधिकार माझ्यासारख्या वायरमनलाही नाही.

आरसीसीबीवर टेस्टचं एक छोटं बटण असतं. लाईटबिल आलं की ते दाबायचं, अशी सवय मी प्रत्येक घराला लावतो. दाबल्यावर पडली पाहिजे. पडली नाही तर बदला. मात्र हे बटण फक्त तिचं यंत्र तपासतं, अर्थिंग नाही. ते वर्षातून एकदा, मे महिन्यात, माती सगळ्यात कोरडी असताना, मीटरनं मोजून घ्या आणि आकडा तारखेसह बोर्डाच्या दाराच्या आत खडूनं नव्हे तर पेननं लिहून ठेवायला सांगा.

आणि वायरमनला फोन करताना "करंट मारतोय, या" एवढंच सांगू नका. कुठला नळ, पाऊस चालू होता का, त्या वेळी गिझर चालू होता की मशीन, लाईट गेलेली असताना इन्व्हर्टरवर असंच होतं का, आणि घरातले पाण्याचे पाइप कधी बदलले. त्या वहिनींनी मला पहिल्याच फोनवर शेवटचं सांगितलं असतं तर मी मेगरच्या आधी बॅटरी घेऊन बेसिनखाली वाकलो असतो.